पाण्याची शुश्रूषा

गोल्डफिश चिवट असतो आणि हा चिवटपणाच त्याला भोवतो. नाजूक मासा चार दिवसांत मरतो, मालक हळहळतो, पुढच्या वेळी जपतो. गोल्डफिश मात्र कुजक्या पाण्यात महिनोन्‌महिने तग धरतो आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. थंड देशांत तळं गोठून प्राणवायू संपला, की लॅक्टिक आम्ल साचू नये म्हणून त्याचं शरीर अल्कोहोल तयार करतं आणि ते कल्ल्यांवाटे बाहेर सोडतं. ओस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी यामागची यंत्रणा २०१७ मध्ये उलगडून दाखवली. पण ही सोय बर्फाखालची आहे. मे महिन्यात बदलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती उपयोगाची नाही.

०

उल्हासनगरातल्या एका दुकानाच्या काउंटरवरचा टँक. दुकान हलणार होतं आणि मासा कुणालाच नको होता. ओरांडा जातीचा, डोक्यावर मांसल टोप असलेला. पर कडेने झिजलेले, कल्ले लालभडक, तोंड सतत पाण्याच्या वरच्या थराशी. आदल्या दिवशी त्याला काही खायला घालू नका, एवढं सांगून ठेवलं होतं. उपाशी मासा वाटेत पाणी कमी खराब करतो. दुपारच्या रिकाम्या लोकलने, झाकणाच्या बादलीत, त्याच्याच जुन्या पाण्यातून तो घरी आला.

०

औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी नुसतं बघत बसावं. मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापतोय का? तळाशी पडून राहतो का? पर अंगाशी मिटलेले आहेत का? दगडावर, काचेवर अंग घासतो का? खवले उभे राहून अंग फुगलंय का? शेपटीच्या बुडाशी बारीक दोऱ्यासारखं काही लोंबतंय का? यातलं शेवटचं लक्षण परजीवीचं, खवले उभे राहणं बहुधा मूत्रपिंड हरल्याचं. बाकीच्यांसाठी पहिला संशय पाण्यावर घ्यावा.

कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला रांगेत पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नये. विणीच्या काळात नराला ते येतात. अंगभर विखुरलेले ठिपके असतील, तर मात्र तो आजार आहे.

०

दुर्लक्षित टँकच्या बाबतीत सर्वांत घातक गोष्ट म्हणजे दया येऊन तो एका रविवारी लख्ख धुऊन काढणं.

मासा आपला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. बरेच दिवस पाणी बदललं नाही, की पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचं रूप पालटतं आणि तो फारसा विषारी राहत नाही. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे घाण तेवढीच, विष दहापट. बरंचसं जुनं पाणी काढून नळाचं ताजं पाणी ओतलं, की पीएच एकदम चढतो आणि उरलेला अमोनिया उलटतो. वर फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणूही गेले. सकाळी मासा उलटा तरंगताना दिसतो आणि घरचे म्हणतात, एवढं स्वच्छ केलं तरी मेला.

म्हणून जुन्या पाण्यातल्या माशाचं पाणी रोज थोडं बदलावं: दहावा भाग, फार तर सातवा. आठवडाभर धीर धरावा. नंतर प्रमाण वाढवता येतं.

०

आमच्याकडचं पाणी. बदलापूर-अंबरनाथला बरंचसं उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून येतं, उल्हासनगरला एमआयडीसीचं, बारवी धरणातलं. उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांत टँकर येतो, कुठे बोअरचं पाणी मिसळतात. माणसाला हा फरक चहाच्या चवीत कळतो. मासा त्या पाण्यातच श्वास घेतो, त्याला तो कल्ल्यांत कळतो. टँकर आला त्या दिवशी पाणी बदलू नये, हा माझ्या घरातला नियम आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की त्याचा वास जास्त येतो. बादली भरून त्यात एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवली की तो बहुतेक उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीन मिळतं. त्यातलं सोडियम थायोसल्फेट म्हणजे जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तोच हायपो.

०

मीठ. स्वस्त आणि आपल्या घरात असलेलं हे औषध भल्याभल्या बाटल्यांना भारी आहे, पण ते का चालतं हे समजून वापरावं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे बाहेरचं पाणी कल्ल्यांतून सतत आत शिरतं आणि मूत्रपिंडं ते रात्रंदिवस बाहेर काढत राहतात. आजारी माशाला हे काम जड जातं. पाण्यात थोडं मीठ असलं, की तेवढा भार हलका होतो. शिवाय मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

प्रमाण: लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात, गरज पडली तर दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने ३ ग्रॅमपर्यंत. साधं जाडं मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून. वनस्पती असतील तर आधी बाहेर काढाव्यात. मीठ वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटलं म्हणून वरून पाणी घातलं तर मीठ घालायचं नाही, पाणी काढून बदललं तर काढलं तेवढ्यापुरतंच घालायचं. मासा सावरला की पाणी बदलता बदलता ते आपोआप कमी होतं.

०

दुकानांत अजूनही सांगतात: टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाका, निळं औषध चार थेंब टाका. कॅप्सूल टाकू नये. आजार कोणता हे ठाऊक नसताना टाकलेलं प्रतिजैविक फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारू शकतं आणि रोगजंतूंना त्या औषधाची सवय लावतं. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर ते चालतं, पण मुख्य टँकमध्ये ओतलं तर फिल्टरही बिघडतो. द्यायचंच तर वेगळ्या टबात द्यावं. त्या टबाला साबणाचा हात कधीही लागलेला नसावा.

०

फिल्टर हे पाणी गाळायचं यंत्र आहे असं बहुतेकांना वाटतं. त्याचं खरं काम जिवाणूंना राहायला जागा देणं. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. कोऱ्या फिल्टरमध्ये ही वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चालू, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. विरजण लावण्यासारखंच आहे हे. अंबरनाथच्या एका ओळखीच्या घरातून असा तुकडा मिळाला, ओल्या पिशवीत, आणि टेस्ट किटमधला हिरवा रंग दिवसागणिक पिवळ्याकडे येऊ लागला. अमोनियाच्या किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य. कुठलंही औषध आणलं नाही तरी चालेल, पण हे किट घ्यावं.

०

लाईट गेली की आधी एअर पंपाकडे बघावं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. नेमकी तेव्हाच वीज जाते. बॅटरीवरचा छोटा पंप घरात असावा. नसेल तर मगमध्ये टँकचंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत राहावं. पाण्याची धार पृष्ठभाग ढवळते आणि हवा आत जाते. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ ठप्प राहिला असेल, तर वीज आल्यावर त्यातलं वास मारणारं पाणी टँकमध्ये येऊ देऊ नये.

बर्फाचे खडे थेट टाकू नयेत. पाणी गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी, टँकचं झाकण काढून टेबलफॅनचा वारा पृष्ठभागावर सोडावा. तापमान हळूहळू उतरलं पाहिजे.

०

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं सरळ लांब आतड्यात जातं. म्हणून थोडं-थोडं खायला घालावं आणि घरी आणल्यावर पहिले एक-दोन दिवस तर अजिबात घालू नये. उपासाने मासा मरत नाही, न खाल्लेल्या दाण्यांनी पाणी मरतं. दाणे आधी भिजवून घ्यावेत. पोट फुगून तो तिरका पोहत असेल तर साल काढलेला उकडलेला मटार चिमटीत चुरडून द्यावा. पाहुणे कौतुकाने पोळीचा तुकडा, मुरमुरा टाकतात; त्यांना प्रेमाने, पण ठामपणे थांबवावं.

०

ओरांडाच्या परांच्या कडांवर आणि पाठीवर काळे डाग उमटले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा सडतोय बघ." पाण्याची तपासणी केली तर अमोनिया शून्य, खाणं चांगलं, पोहणं सरळ. अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येताना गोल्डफिशवर असं काळं रंगद्रव्य जमतं आणि काही आठवड्यांत पुसट होत जातं. परांची नवी वाढ काचेसारखी पारदर्शक असते, रंग मागाहून येतो. बरं होण्याची चिन्हं दिसायला सुंदर असतातच असं नाही. ती ओळखता आली नाहीत, तर बऱ्या होत असलेल्या माशावर पुन्हा औषधं ओतली जातात.

०

गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची, हे खरं नाही. २०२२ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी गोल्डफिशना चाकांवरची पाण्याची पेटी स्वतः पोहून हाकायला शिकवलं आणि त्यांनी ती खोलीतल्या खुणेपर्यंत नेली. आमचा ओरांडा खायला घालणारं माणूस ओळखतो. दुसरं कुणी आलं तर मागे सरकतो.

०

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पुरं झालेलं. इथे काळ्या पाषाणावर छिन्नी चालत होती, त्या शतकात चीनमध्ये सोंग घराण्याचं राज्य होतं आणि तळ्यांत सोनेरी मासे पाळले जात होते. हजार वर्षं माणसाने या माशाला निवडून निवडून घडवलं: दुहेरी शेपटी, फुगीर अंग, डोक्यावरचा टोप. यातला एकही बदल माशाच्या सोयीचा नाही. ज्याला आपण असं घडवलं, त्याची काळजी ही आपली बांधीलकी आहे.

०

त्या मंदिराला लागून वालधुनी नदी वाहते, पुढे उल्हासनगरातून जाते. २०१४ मध्ये तिच्यात रसायन ओतल्यामुळे वस्तीतल्या अनेकांना श्वास घेणं कठीण झालं होतं. आणि हीच गावं वर्षानुवर्षं झुलेलालला पूजतात. सिंधी घराघरांतल्या तसबिरीत तो माशावर बसलेला असतो, पाण्याचा देव म्हणून. पाण्याबद्दलचा हा भक्तिभाव नदीपर्यंत आणि काउंटरवरच्या टँकपर्यंत पोचावा, असं मनापासून वाटतं.

कंटाळा आला म्हणून गोल्डफिश नदीत किंवा तळ्यात सोडणं हे पुण्य नाही. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, आपले रोग स्थानिक माशांना देतो. सांभाळणं जमत नसेल तर दुसरं घर शोधावं.

०

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे मनुष्य सोडून कोणताही सजीव जीव. पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. काउंटरवरचा मासाही त्यात आला.

०

इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन. आपण गोल्डफिशला वर्ष-दोन वर्षांचा पाहुणा समजतो, कारण आपण त्याला तेवढंच जगू देतो.

०

शतपथ ब्राह्मणातली मनूची गोष्ट आपण प्रलयासाठी लक्षात ठेवतो. तिची सुरुवात मासा पाळण्याची आहे. हात धुण्याच्या पाण्यात सापडलेला छोटा मासा मनू घटात ठेवतो, वाढल्यावर खड्ड्यात, आणखी वाढल्यावर समुद्रात. मासा वाढला की त्याच्यासाठी मोठी जागा करायची, एवढं साधं कर्तव्य तो पाळतो.

एका ओरांडाला निदान ७५-८० लिटर पाणी हवं. काचेचा गोल बाउल हा माशासाठी नव्हेच. ८० लिटर म्हणजे ८० किलो. स्टँड भक्कम हवा. टँकला पैसे नसतील तर नवा प्लास्टिकचा मोठा टब आणि स्पंज फिल्टर यातही मासा उत्तम बरा होतो.

०

खालच्या मजल्यावरच्या मुलाला वाढदिवसाला गोल्डफिश हवाय. त्याच्या आईला सांगितलं, आधी टँक लावा, पाणी भरा, फिल्टर सुरू करा, रोज चिमूटभर दाणे टाका आणि महिनाभर थांबा. अमोनिया आणि नायट्राइट वर जाऊन दोन्ही शून्यावर आले, की मासा आणायला मी बरोबर येईन. तोवर या ओरांडाला संध्याकाळचे दाणे घालायचं आणि शनिवारी किट वापरून पाणी तपासायचं काम त्या मुलाकडे आहे.