दोन प्रतींचा मासा

माशाचं रक्त मिळालं की अर्धी लढाई जिंकली, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशांच्या पेशींत असतं. म्हणून शेपटीच्या शिरेतून काढलेल्या थेंबभर रक्तातून भरपूर डीएनए निघतो आणि लवंगतेलाने गुंगवलेला मासा थोड्या वेळाने टाकीत पुन्हा फिरू लागतो. पुढची शिस्त हाताची. पिपेट जोरात दाबायचं नाही, नळी खळखळवायची नाही, लांब धागे तुटता कामा नयेत. हात लवकर बसतो. डोळा तयार व्हायला मात्र वेळ लागतो.

माझा मासा महासीर, टॉर खुद्री. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. रोहूची गुणसूत्रं ५०, झेब्राफिशचीही ५०, महासीरची १००. कॉल्चिसिनने पेशींचं विभाजन मध्येच थोपवायचं, जिम्साचा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते बारके ठिपके मोजत बसायचं. नव्या मुलांना मी संगणकाआधी या कामाला लावते. कुरकुर होते. होऊ दे.

शंभर म्हणजे महासीरच्या पूर्वजात कधीतरी अख्खा जीनोम दुप्पट झाला. ती काही पहिली वेळ नव्हे. रोहू, बांगडा, पापलेट, झेब्राफिश या सगळ्यांच्या सामाईक पूर्वजात सुमारे ३२ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी हेच घडलं होतं. शरीराची आखणी ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे माणसात चार गट आहेत, झेब्राफिशमध्ये सात. ‘मॅडम, आठ हवेत ना?’ असं वर्गात कोणी विचारलं की तास सार्थकी लागतो. दुप्पट झालेलं सगळं टिकत नाही. बहुतेक जादा प्रती बिघडून नाहीशा होतात. सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये मांडलं, की जादा प्रत मोकळी असते, तिच्यातून नवं काम उभं राहू शकतं. मला त्याहून भुरळ घालते ती वाटणी. उंदरात एन्ग्रेल्ड-१ हे एकच जनुक गर्भाच्या पायांच्या अंकुरातही लागतं आणि मेंदू-मज्जारज्जूतही. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत. एक छातीच्या पराच्या अंकुरात चालते, दुसरी पश्चमेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींत. भाऊबंदकीशिवाय झालेली वाटणी! आता दोघींपैकी एकीलाही वगळता येत नाही.

महासीरच्या प्रती तितक्या जुन्या नाहीत, त्यामुळे अजून एकमेकींसारख्या दिसतात. वाचलेले तुकडे दीडशे अक्षरांचे असले, तर संगणक दोन प्रती एकीवर एक चढवून एकच जनुक दाखवतो. जोडणी देखणी दिसते, आणि देखणी दिसली की मला शंका येते. या जागी तुकड्यांचा ढीग शेजारच्यापेक्षा दुप्पट उंच का? पंधरा-वीस हजार अक्षरं सलग वाचणाऱ्या यंत्रांनी हा घोळ बराच कमी केला. पण शेकडो मासे तपासायचे म्हटले की खर्चापायी पुन्हा छोट्या तुकड्यांवरच यावं लागतं.

आणि शेकडो तपासायची निकड आहे. सह्याद्रीतला खुद्री माणसाने कावेरीत नेऊन सोडला. तिथला मूळचा, पाठीवर कुबड असलेला महासीर, टॉर रेमादेवी, आज अतिसंकटग्रस्त आहे. दोघांचा संकर होतोय का, हे विचारणं सोपं. पण एका जागी ए आणि जी अशी दोन्ही अक्षरं दिसली, तर ती आई-बापांकडून एकेक आलेली, की एकाच माशातल्या दोन सारख्या जनुकांची? तपासलेल्या प्रत्येक माशात तीच जोडी निघाली, तर ती जागा आम्ही यादीतून काढून टाकतो. सर्वच्या सर्व मासे संकरित असतील, हे पटण्यासारखं नसतं.

माझी एक विद्यार्थिनी अशा काढलेल्या जागा वेगळ्या फाइलमध्ये साठवते. त्यातल्या कोणत्या जनुकांनी कामं वाटून घ्यायला सुरुवात केलीय, हे तिला बघायचंय. तिच्या प्रबंधात ते बसत नाही. ती फाइल दिवसेंदिवस फुगतेय, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते.