उघडी वही

आमच्या चाकणच्या पट्ट्यात पुढाऱ्यांना तोटा नाही. जमिनी एमआयडीसीत गेल्या, पैसा आला, पैशामागं फ्लेक्स आले आणि फ्लेक्सवर हात जोडलेले दादा, भाऊ, अण्णा आले. पण वेळ वाकडी आली की फ्लेक्स बघून कुणी कुणाच्या मागं जात नाही. मग माणूस कशावर भरवसा ठेवतो, ते मी दोनदा जवळून बघितलं. एकदा दहा वर्षांची असताना आणि एकदा पन्नाशीत.

माझं माहेर भामनेरच्या खोऱ्यातलं. दादा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा करायचे. कांदा बैलगाडीत भरून चाकणच्या बाजारात न्यायचा, आडत, हमाली, तोलाई वजा होऊन हातात पट्टी घ्यायची, आणि घरी येऊन ती खुंटीच्या तारेला अडकवायची. आई विचारायची, "काय उरलं?" दादा म्हणायचे, "तार उरली."

त्या दिवसांत आंबेठाणला एक साहेब आल्याची बातमी फिरत होती. शरद जोशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून १९७७ मध्ये त्यांनी इथं कोरडवाहू जमीन घेतली. लोक हसले. एवढा शिकलेला माणूस आमच्या खडकात काय शोधतोय? काही म्हणाले, दोन पावसाळे टिकला तरी पुष्कळ.

ते टिकले. काकडी लावली, कांदा-बटाटा केला, आणि प्रत्येक पिकाचा खर्च न् उत्पन्न वहीत मांडलं. आमच्यासारखाच त्यांनाही तोटा आला. फरक एवढाच, की आम्ही तो नशिबाच्या नावावर लिहीत होतो आणि त्यांनी तो हिशोबाला लावला. दादा एका सभेला जाऊन आले ते आईला म्हणाले, "साह्यबानं आधी सोताचा तोटा सांगितला, मंग आमचा इचारला." दादांच्या मनात बसलं ते एवढंच. जोशी आमच्यासारखे नव्हते, आणि आमच्यासारखे असल्याचं सोंगही करत नव्हते. बोलायचे शिकलेल्या माणसाचं, पण तोट्याचा आकडा त्यांच्या स्वतःच्या वावरातला असायचा.

ऑगस्ट १९७९ मध्ये चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली. जानेवारी १९८० मध्ये भामनेरच्या रस्त्यासाठी वांद्र्यापासून चाकणपर्यंत माणसं पायी चालली. दादाही गेले. परत आले तेव्हा तळपायाला फोड होते आणि आई गरम पाण्यात मीठ टाकून शेकत होती. मार्चात कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला, जोशींनी उपोषण धरलं. भाव मिळेलच अशी खात्री कुणालाच नव्हती. तरी दादांसारखा कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस रस्त्यावर बसला. त्याचं मला लहानपणी नवल वाटायचं.

पुढं माझं लग्न महाळुंग्याच्या बाजूला झालं. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. आसपासची वावरं बघता बघता पत्र्याच्या शेडखाली गेली. आमचीही जमीन गेली, एक एकर उरली. आलेल्या पैशात आणि पतसंस्थेच्या कर्जात आम्ही १४ खोल्या बांधल्या. मालक २०१७ मध्ये गेले, तेव्हा कर्ज, खोल्या आणि तो एक एकर माझ्या गळ्यात आला.

२४ मार्च २०२० ला रात्री टीव्हीवर लॉकडाऊन जाहीर झाला. माझ्या खोल्यांत नांदेडची, वाशीमची, बिहारची माणसं. बहुतेक कंत्राटी. दुसऱ्याच दिवशी ठेकेदारांचे फोन लागेनात. कुणी म्हणायचं कंपनी पंधरा एप्रिलला उघडणार, कुणी म्हणायचं दिवाळीपर्यंत नाही. रात्री खोल्यांतून पिशव्या भरल्याचा आवाज यायचा.

माझे दीर आले. त्यांच्याही खोल्या आहेत. म्हणाले, "वहिनी, भाड्याचं कडक बोला. आणि कर्जाचं तर तोंडातून काढू नका. मालक दुबळा दिसला की भाडं बुडालंच." त्यांचं चुकीचं होतं असं नाही, व्यवहार असाच चालतो. पण मला तारेला लटकलेल्या पट्ट्या आठवल्या.

मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. तोंडाला फडकी बांधून, लांब लांब उभी राहिली माणसं. मी वही उघडली आणि वाचून दाखवलं. खोलीचं भाडं अडीच हजार. पतसंस्थेचा हप्ता १९ हजार. घरात ज्वारीची चार पोती, तांदळाची दोन. मग म्हणाले, "कंपनी कधी उघडणार ते मला ठाऊक नाही. जो तारीख सांगतोय, त्यालाही नाही. भाडं माफ करीन म्हणाले तर ते खोटं होईल, माझ्या डोक्यावर हप्ता आहे. पण काम चालू होईस्तोवर मागणार नाही, लिहून ठेवीन. कांदा काढणीला आलाय, मजूर नाहीत. ज्याला जमेल त्यानं यावं. दाणे आज देते, रोज कांदा विकल्यावर."

नांदेडचा एक पोरगा म्हणाला, "काकू, अन् कांदा इकलाच न्हाई तर?"

"तर तुझं माझ्याकडं राहील अन् माझं पतसंस्थेकडं. बुडलो तर सगळेच बुडू, पण कोण किती बुडालं ते वहीत दिसेल."

दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

माझा आवाज कसा कापला नाही, असं नंतर थोरलीनं विचारलं. लपवायचं काही नव्हतं, मग कापायला काय झालं? भीती तर पोटात होतीच.

सगळे थांबले असं नाही. वाशीमचं कुटुंब चौथ्या दिवशी चालत निघालं, मी भाकरी आणि चटणी बांधून दिली. बिहारचे दोन खोल्यांवाले मे महिन्यात श्रमिक रेल्वेनं गेले. बाकीचे अकरा खोल्यांतले राहिले. ज्यांनी जन्मात कांदा उपटला नव्हता, ते पात कापायला शिकले. उन्हाळ्यात भाव पडलेला, म्हणून कांदा बराखीत घातला. ऑगस्ट सरता भाव चढू लागला. १४ सप्टेंबरला केंद्रानं निर्यातबंदी केली, पण आमचा बहुतेक माल त्याआधी निघाला होता. दादा असते तर या बंदीवर चार शब्द बोलले असते. पट्टी आली त्या संध्याकाळी मी रोज वाटला. थकलेलं भाडं पुढं वर्षभर थोडं थोडं करून येत राहिलं.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा पिशव्या भरल्या जाऊ लागल्या. एका सकाळी दीर दारात उभे. म्हणाले, "वहिनी, ती वही द्या जरा. आमच्या भाडेकरूंना दाखवतो."

मी म्हणाले, "भाऊजी, माझी कशाला? तुमची दाखवा."