कोणते दोन तास?

विजेवर चालणारी मोटार घेणाऱ्याला सुरुवातीला चिंता असते ती पल्ल्याची. वाटेत बॅटरी संपली तर काय, हा विचार त्याचा पाठलाग करतो. दोन-तीन महिन्यांत ती चिंता ओसरते, कारण हिशेब साधा आहे. शहरातील रोजचे जाणे-येणे ४० किलोमीटर धरले, तर लहान मोटारीला सुमारे ६ युनिट वीज लागते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला साधारण ३.३ किलोवॉट शक्ती मिळते. म्हणजे दिवसाची गरज सुमारे दोन तासांत भागते. गाडी मात्र वीस-बावीस तास नुसती उभी असते. प्रश्न उरतो तो एवढाच की, त्यांतील कोणते दोन तास निवडायचे?

अहमदाबादसारख्या उन्हाच्या शहरात राहणारा एक नोकरदार गृहस्थ कल्पावा. त्याच्या छतावर ३ किलोवॉटचे सौर पॅनेल आहे. चांगल्या उन्हात ते दिवसाला सुमारे १२ युनिट वीज देते. सायंकाळी सातला तो घरी येतो, गाडीला वायर जोडतो आणि निश्चिंत होतो. नेट मीटरिंगमुळे दुपारी ग्रिडला दिलेली वीज सायंकाळी घेतलेल्या विजेतून वजा होते. बिल नाममात्र येते. ‘आमची गाडी सूर्यावर चालते’, असे तो अभिमानाने सांगतो.

बिलापुरते ते खरेही आहे. परंतु ग्रिडला महिन्याचा हिशेब ठाऊक नाही. तेथे निर्मिती आणि मागणी यांचा तोल प्रत्येक क्षणी साधावा लागतो. तो ढळला की ५० हर्ट्झची वारंवारता हलते, आणि भारतात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात राखायची असते. त्याच्या छतावरची दुपारची वीज शेजाऱ्यांच्या पंख्यांनी आणि वातानुकूलन यंत्रांनी त्याच क्षणी वापरून टाकलेली असते. सायंकाळी सात वाजता सूर्य मावळलेला किंवा मावळतीला आलेला असतो, घरोघरी दिवे लागलेले असतात आणि भार मुख्यतः कोळशाच्या केंद्रांवर येतो. नेमक्या त्याच वेळी त्याची गाडी वीज मागते.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीमागे हेच कारण आहे. सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि कमाल मागणीच्या तासांत तो वाढवावा, असे त्यात सुचवले आहे. शेतीपंप वगळता घरगुती ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख ठरली. त्यासाठी स्मार्ट मीटर हवा, आणि राज्याराज्यांतील अंमलबजावणीचा वेग सारखा नाही.

पण दुपारी गाडी घरी असतेच कोठे? ती कार्यालयाच्या तळघरात उभी असते. यातून सुटण्याची एक वाट खुद्द बॅटरीतच आहे. गाडी रोज चार्ज करायलाच हवी, ही सवय मोबाइलकडून आलेली आहे. ४० युनिट क्षमतेच्या बॅटरीला रोज ६ युनिट लागत असतील, तर रविवारी सकाळी नऊपासून आठ तासांत सुमारे २६ युनिट मिळतात. काही ऊर्जा उष्णतेत गेली, तरी चार दिवस निघतात. शनिवारची दुपारही मिळाली, तर कामाचा आठवडा निभावतो. रविवारचे ऊन गुरुवारच्या रस्त्यापर्यंत पोहोचते. अधूनमधून कमी पडलेच, तर टायमर लावून मध्यरात्रीनंतरची वेळ निवडावी. सायंकाळची मात्र टाळावी.

यात बॅटरीच्या रसायनाचेही भान हवे. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची बॅटरी पूर्ण भरून दिवसेंदिवस ठेवली, तर लवकर जुनी होते. तिला रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबवणे बरे. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकाराची गोष्ट निराळी. तिचा व्होल्टेज जवळजवळ सपाट राहत असल्याने किती ऊर्जा उरली हे केवळ व्होल्टेजवरून नेमके कळत नाही. म्हणून अशा गाड्यांचे अनेक उत्पादक ती ठरावीक काळाने १०० टक्के भरण्यास सांगतात. उष्णता दोन्ही प्रकारांना बाधते. मे महिन्यातील दुपारी चार्जिंग करायचे, तर गाडीवर सावली हवीच.

ज्यांना छत नाही, रविवारीही ज्यांच्या वाट्याला पार्किंगमधले सॉकेट येत नाही, त्यांचा प्रश्न मात्र एकट्याने सुटणारा नाही. विद्युत वाहन चार्ज करण्याच्या सेवेला वीज कायद्याखाली स्वतंत्र परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. कार्यालये, महाविद्यालये आणि संशोधनसंस्था यांच्या वाहनतळांवर दुपारी हजारो बॅटऱ्या रिकाम्या उभ्या असतात, आणि त्याच वेळी सौरऊर्जा भरपूर असल्याने कोळशाच्या केंद्रांना आपले उत्पादन खाली आणावे लागते. तेथे महागडी जलद यंत्रे नकोत. आठ तास उभ्या राहणाऱ्या गाडीला १५ अँपिअरचे साधे सॉकेट, सुरक्षित वायरिंग आणि एक मीटर पुरेसा आहे. हे झाले नाही आणि सगळे सायंकाळी सातलाच वायर जोडत राहिले, तर इंधन वाचवण्यासाठी घेतलेल्या गाड्यांसाठीच सायंकाळची नवी वीजकेंद्रे उभारावी लागतील.