नावं ठेवण्याचं सुख

आमचं गाव वसमत, म्हणजे हळदीचं. त्यामुळे आमटीत हळद कच्ची राहिली की सांगणं हा मी माझा जन्मसिद्ध हक्क समजत आलो. पण घशाच्या कॅन्सरसाठी ३३ शेक झाले आणि जीभच रजेवर गेली. लाळ आटली, वरण मातीसारखं, चहा गंजक्या खिळ्यासारखा. नावं तरी कशाला ठेवणार? "छान झालंय," म्हणू लागलो. त्यानंच हिचा चेहरा उतरायचा. डॉक्टर म्हणाले, बहुधा चव परतते, पण महिने लागतात.

चौथ्या महिन्यात पिठल्याचा घास घेतला नि ओरडलो, "अगं, केवढं खारट!"

ही पदरानं डोळे पुसत म्हणाली, "औंढ्याचा नागनाथ पावला!"

पिठलं मात्र तिनं बदलून दिलं नाही.