बाजूला झालेले सात

‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’ हा १९४३ चा अमेरिकी वेस्टर्न जेमतेम सव्वा तासाचा. घोडे आहेत, पिस्तुलं आहेत, पण बराचसा वेळ माणसांच्या वाद घालण्यातच जातो. मे महिन्यात, अमरावतीच्या घरी, कूलरच्या घरघरीत मी तो मामेभावासोबत पाहिला. तो इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पडद्यावर कायदा मोडला की याची जीभ सुटते.

गोष्ट १८८५ ची, नेवाडातली. किंकेड नावाच्या गुरंवाल्याला कोणीतरी मारल्याची बातमी येते. शेरीफ बाहेर गेलेला. त्याचा हाताखालचा माणूस अधिकार नसताना सगळ्यांना शपथ देतो आणि टोळी निघते. “हे तं बेकायदा हाय,” भावाचा आक्षेप आलाच. रात्री दरीत तिघे झोपलेले सापडतात. जवळ किंकेडची गुरं, विक्रीचा कागद नाही.

मला फाशीपेक्षा त्याआधीचं मतदान जास्त लागलं. हा जमाव रीतसर वागतो. पहाटेपर्यंत मुदत देतो, बायकोला पत्र लिहू देतो. खटल्यापर्यंत थांबावं असं वाटणाऱ्यांनी बाजूला या म्हटल्यावर सात जण सरकतात. त्यांत स्पार्क्स हा कृष्णवर्णीय आहे. लहानपणी त्याने सख्ख्या भावाला जमावाच्या हातून मरताना पाहिलेलं. नायक झालेला हेन्री फोंडाही त्या सातांत येतो. या फोंडाने चौदाव्या वर्षी, १९१९ साली, ओमाहात वडिलांच्या छापखान्यातून विल ब्राऊनची जमावाने केलेली हत्या खरोखर पाहिली होती. तो इथे अभिनय फार करत नाही, आणि तेच बरं.

तिघे लटकतात. मग शेरीफ भेटतो आणि कळतं, किंकेड जिवंत आहे.

“राईनपाडा,” भाऊ एवढंच म्हणाला. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावी, मुलं पळवणारी टोळी फिरतेय या अफवेपायी, मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागायला आलेले असताना ठेचून मारले गेले. तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत! पुढे १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविरुद्ध निर्देश दिले. राईनपाड्यात पहाटेपर्यंतची मुदत नव्हती, पत्र नव्हतं. मोबाइलवर चित्रीकरण मात्र झालं.

इथवर आमचं एकमत होतं. मग त्याने नागपूर काढलं.

“मंग कस्तुरबा नगरच्या बायांचं काय म्हनतं तू?”

१३ ऑगस्ट २००४ ला अक्कू यादव या गुंडाला नागपूरच्या न्यायालयातच या बायांच्या जमावाने संपवलं. वर्षानुवर्षं त्याने वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केले होते, आणि तक्रारी करूनही तो सुटून यायचा. २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. विदर्भात आजही ही गोष्ट सांगताना कोणी आवाज खाली करत नाही. मीही केलेला नाही.

चित्रपटाची पटकथा इथे थोडी सोपी वाट धरते, असं मला वाटतं. तिघे निरपराध निघतात म्हणून आपण निश्चिंतपणे त्या सातांच्या बाजूला बसतो. दिग्दर्शक विल्यम वेलमनने त्यांतला एक जरी खराच खुनी ठेवला असता, तर मत देणं जड गेलं असतं. भावाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, त्या सातांना तरी ते तिघे निरपराध आहेत हे कुठे माहीत होतं. तरीही ते सरकलेच ना.