स्पुतनिक म्हणजे वाटसोबती

एकदा बाईंनी फळ्यावर ‘स्पुतनिक’ असा शब्द लिहिला. मला वाटलं, हे एखाद्या यंत्राचं नाव असेल. बाई म्हणाल्या, “हा रशियन शब्द आहे. ‘स’ म्हणजे बरोबर. ‘पुत’ म्हणजे वाट. वाटेने आपल्याबरोबर चालतो तो स्पुतनिक.” म्हणजे वाटसोबती! ‘पुत’ आणि आपला ‘पथ’ हे शब्द मुळात एकाच घरातले आहेत, असेही बाईंनी सांगितले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला स्पुतनिक आकाशात सोडला. माणसाने तयार केलेला तो पहिला उपग्रह. तो ५८ सेंटीमीटर रुंदीचा गोळा होता. वजन ८३ किलोच्या वर होते. तो ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारी आणि ‘बीप बीप’ करी. रशियन भाषेत सगळ्याच उपग्रहांना स्पुतनिक म्हणतात. चंद्रालासुद्धा!

हा शब्द जगभर गेला. डिसेंबर १९५७ मध्ये अमेरिकेचा उपग्रह नेणारे रॉकेट जमिनीवरच पेटले. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला ‘फ्लॉपनिक’ म्हणून चिडवले. २०२० साली रशियाने करोनाच्या लसीलाही स्पुतनिक हेच नाव दिले.

पण मला एक गोष्ट फार वाईट वाटली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी दुसऱ्या स्पुतनिकमधून लायका नावाची कुत्री वर पाठवली. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची होती. तिला परत आणायची सोयच केली नव्हती. काही तासांतच ती उष्णतेने मेली. मी विचारले, “बाई, यानाचं नाव सोबती, मग लायकाबरोबर कोण होतं?” बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कोणीच नाही.” पुढे ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या बरोबर गेल्या आणि जिवंत परत आल्या. ते ऐकून मला जरा बरं वाटलं.

माझी धाकटी बहीण पहिलीत आहे. ती हळू चालते. म्हणून मी रोज पुढे पळायचो आणि ती ओढ्याजवळ रडत उभी राहायची. त्या दिवशी मी ओढ्यापाशी थांबलो. ती म्हणाली, “दादा, आज का थांबलास?” मी म्हटलं, “मी तुझा स्पुतनिक हाय.” तिला काही कळलं नाही, पण तिनं माझा हात धरला.

— इयत्ता चौथी