विकाऊ वाडा, राबते हात

इटलीत फ्लॉरेन्सहून सिएनाकडे निघालो की कियांतीच्या टेकड्या लागतात. तिथे सायप्रसच्या रांगेच्या टोकाला आम्हाला एक जुना दगडी वाडा दिसला. फाटकावर पाटी होती, ‘वेंदेसी’, म्हणजे विकणे आहे. सोबत द्राक्षमळा अन् ऑलिव्हची बाग.

वाड्याहून आम्हाला खालचे कुळाचे घर अधिक बोलके वाटले. तळाला बैलांचा गोठा, वर माणसे. गुरांच्या उबेवर थंडी काढायची. ‘मेझ्झाद्रिया’ नावाची ही पद्धत शेकडो वर्षे चालली. राबायचे कुळाने, निम्मे पीक मालकाचे. लग्नालाही पुष्कळदा मालकाची परवानगी लागे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. तरणी पोरे त्याआधीच कारखान्यांकडे वळली होती. घरे ओस पडली. पुढे कित्येक घरे परदेशी लोकांनी हौसेने घेतली.

जानेवारी १९८५ च्या कडाक्यात टस्कनीतले ऑलिव्ह करपले. लोकांनी झाडे जमिनीलगत छाटली, तेव्हा बुडख्यातून नवे कोंब फुटले. आज एकेका बुडख्याला तीन-चार खोडे दिसतात, ती त्यामुळेच.

वाचकहो, किंमत वाड्याची लागते, मळ्याची लागते, देखाव्याचीही लागते. उतारावरचे बांध रचणाऱ्या हातांचे नाव मात्र पाटीवर नव्हते. आम्ही घटकाभर त्या बांधावरच टेकलो.